जुन्या कार्डावरचं जर्मन नावाचं गाव आज चेकमध्ये कुठे आहे ते कसं शोधायचं

बडोद्यात जे कोणी तिकिटं, जुनी पोस्टकार्डं जमवतात त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण ऑस्ट्रियाच्या गठ्ठ्यात हमखास असं कार्ड निघतं ज्याच्या शिक्क्यावर राइशनबर्ग असतं, मॅपवर टाकलं की जर्मनीतलं कुठलं तरी गाव येतं आणि कार्ड भलत्याच पानावर जातं. ते असतं चेकमधलं लिबेरेत्स. १९१८ पर्यंत हा सगळा भाग ऑस्ट्रियाकडे होता म्हणून गावांना दोन दोन नावं, जसं आपण घरी बडोदा म्हणतो आणि रेल्वेच्या तिकिटावर वडोदरा असतं.

आधी भिंग घेऊन शिक्का पूर्ण वाचा. खूप शिक्क्यांवर जर्मन आणि चेक दोन्ही नावं असतात, कार्ल्सबाड आणि कार्लोव्ही व्हारी, मग काम झालंच. एकच नाव असेल तर अक्षरावरचे ठिपके सोडू नका, ब्र्युन म्हणजे ब्रनो, त्यातल्या यूवर दोन ठिपके असतात, कीबोर्डवर मिळत नसतील तर यू ई टाईप करा, चालतं.

आता खरी मेख. नावाला जोडलेला शब्द कधीच गाळू नका! बोमिश ब्रोड म्हणजे चेस्की ब्रोड, उंगारिश ब्रोड म्हणजे उहेर्स्की ब्रोड आणि डॉइचब्रोड आज हाव्हलिच्कूव्ह ब्रोड, तिन्ही वेगळी शहरं. 'अन डेर' आलं की पुढे नदीचं नाव असतं, फाल्केनाउ अन डेर एगर बघा, एगर म्हणजे ओहर्झे नदी, पण एगर नावाचं शहरही आहे, ते आजचं खेब, आणि हंगेरीत अजून एक एगर आहे ते वेगळंच. आणि फाल्केनाउचं १९४८ मध्ये सोकोलोव्ह झालं, म्हणजे उच्चारावरून अंदाज बांधून काही उपयोग नाही.

मग जर्मन विकिपीडियावर नाव टाका, त्याच नावाच्या गावांची यादी येईल, त्यातलं चेकमधलं घ्या आणि जिल्हा जुळतोय का बघा. अगदी लहान खेडं असेल तर १९०० च्या जनगणनेवरचं गेमाइंडेलेक्सिकोन, म्हणजे गावांची यादी, स्कॅन केलेलं नेटवर मिळतं, जिल्हावार आहे.

तरी मॅपवर सापडलं नाही तर शोध सोडू नका, गावच उरलं नसेल. १९४५ नंतर तिथून जवळपास तीस लाख जर्मन लोकांना हाकललं, सीमेवरची कितीतरी खेडी ओस पडली. डुप्पाउ, म्हणजे दोउपोव्ह, तर १९५३ मध्ये लष्करी क्षेत्रात गेलं आणि पुसलं गेलं. अशा कार्डाखाली दोन्ही नावं लिहा, 'गाव आता नाही' असं स्पष्ट लिहा, आणि जवळचं मोठं शहर द्या, डुप्पाउसाठी कार्लोव्ही व्हारी.