शिवलेला टाळू आणि मुलाचे बोलणे

जन्मतः फाटलेल्या टाळूची, म्हणजे तोंडाच्या आतल्या छताची, शस्त्रक्रिया साधारणतः बाळ 9 ते 18 महिन्यांचे असताना होते आणि ‘आता बोलेल’ असे म्हणून घरची मंडळी निर्धास्त होतात. खरे काम मात्र त्यानंतर सुरू होते.

प, ब, त, ट, क, स हे ध्वनी काढताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते आणि तोंडात हवेचा दाब साठतो. तो भाग आखूड असला किंवा पुरेसा हलत नसला, तर हवा नाकातून निसटते, ‘बाबा’ हाक ‘मामा’सारखी ऐकू येते आणि काही मुले दाबासाठी घशातच आवाज अडवण्याची सवय लावून घेतात. त्यामुळे ‘नीट बोल’ असे कितीही दटावले तरी उपयोग होत नाही.

घरी एक साधी पाहणी करता येते. नाकपुड्यांखाली छोटा कोरडा आरसा धरून मुलाला ‘पापापा’ म्हणायला सांगावे. आरशावर वाफ धरली, तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. ‘मामामा’ म्हणताना वाफ धरणारच, त्याने घाबरू नये. टाळू फाटलेल्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचण्याचे प्रमाण मोठे असते, म्हणून कानांचीही तपासणी वेळोवेळी करावी; जो ध्वनी नीट ऐकूच येत नाही, तो मूल उच्चारणार कसा?

सराव रोज थोडा वेळच, पण नेमाने करावा. आधी नुसता ‘प’, ओठांसमोर तळहात धरून हवेचा झोत जाणवेपर्यंत. मग ‘पा’, ‘पाट’, ‘तपोवन’, ‘सातपूर’ आणि शेवटी ‘पंचवटीला जायचे आहे’ असे पूर्ण वाक्य. फुगे आणि पिपाण्या फुंकायला देण्याचा सल्ला अजूनही मिळतो, परंतु फुंकण्याने उच्चार सुधारत नाहीत. सराव करूनही हवा निसटतच राहिली, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो आणि त्यात मुलाचा काहीही दोष नसतो.

दोष आईचाही नसतो. ग्रहणात तिने भाजी चिरली म्हणून असे झाले, हे रामकुंडावर ग्रहणाचे स्नान करणाऱ्या आपल्या नाशिकमध्ये आजही बोलले जाते. टाळू गर्भारपणाच्या साधारण 6 ते 12 आठवड्यांत जुळतो आणि तो न जुळण्याचा ग्रहणाशी कसलाही संबंध नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना स्पष्ट सांगावे.

खर्चाची अडचण असल्यास अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करावी. 2013 साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या फाटलेल्या ओठ-टाळूचा समावेश आहे.

मूल बोलत असताना त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये आणि कळले नसताना कळल्यासारखे दाखवू नये. जेवढे कळले तेवढे म्हणून दाखवावे: “सातपूरला जायचंय, हे कळलं. कोणाकडे?” किराणा दुकानात मुलाने साखर मागितली आणि दुकानदाराने न कळून आईकडे पाहिले, तर आईने उत्तर न देता मुलाकडे पाहावे आणि ते पुन्हा सांगेपर्यंत थांबावे.