'पणजीकडे' इंग्रजीत कसे सांगावे

मराठीतला 'कडे' फार ओझे वाहतो. 'पणजीकडे निघालो', 'नदीकडे बघ', 'डॉक्टरकडे गेलो', या तिन्ही वाक्यांत तो एकटा पुरतो. 'ला'चेही तसेच: म्हापशाला गेलो, म्हापशाला निघालो, म्हापशाला राहतो. इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द लागतो. फोंड्यात मी संध्याकाळचे वर्ग घेते. तिथे टॅक्सीवाले येतात, पायलट म्हणजे मोटरसायकलवरून भाड्याने माणसे नेणारे येतात, किनाऱ्यावरच्या शॅकवर (झोपडीवजा खानावळीत) काम करणारी मुले आणि पाहुण्यांना गोवा दाखवणाऱ्या मुली येतात. त्यांची वाक्ये बहुतेक ठीक असतात, पण जागा आणि दिशा आली की गाडी अडते. दिशादर्शक शब्दांची यादी मी त्यांना कधीच पाठ करायला देत नाही. वाक्य जुळवण्याआधी स्वतःला एकच विचारा: जाणारा तिथे पोचतो की नाही?

पणजीच्या धक्क्यावर उभे राहून समोरची बेतीची फेरीबोट बघा. ती पलीकडे जाऊन लागली, माणसे उतरली, तर 'द फेरी वेंट टू बेती'. अजून पाण्यातच आहे, तोंड मात्र बेतीला आहे, तर 'द फेरी इज गोइंग टुवर्ड्स बेती'. 'टू' मुक्काम सांगतो आणि 'टुवर्ड्स' नुसती दिशा. टुवर्ड्सच्या शेवटच्या तुकड्याचे आणि संस्कृत 'वृत्' धातूचे मूळ एकच आहे, वळणे. तिकडे वळलेला, एवढेच तो शब्द सांगतो. पोचण्याची हमी देत नाही. पाहुण्याचा निरोप आला, 'आय ॲम वॉकिंग टुवर्ड्स द चर्च', तर चर्चच्या पायऱ्यांपाशी थांबून राहू नका. तो अजून रस्त्यात आहे, वाटेतच भेटेल. अमेरिकन लोक शेवटचा 'स' गाळून 'टुवर्ड' लिहितात. दोन्ही बरोबर, फक्त एका पत्रात एकच वापरा.

तिसरा शब्द 'फॉर', आणि तो आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित आहे. निघताना मनात जे ठिकाण असते त्याच्या आधी 'फॉर' येतो. लीव्ह फॉर, हेड फॉर, मेक फॉर, सेट ऑफ फॉर. गाडी किंवा बोट असेल तर 'बाउंड फॉर'. इथे एका शब्दाने अर्थ उलटा होतो. 'द बस लीव्ज म्हापसा ॲट नाइन' म्हणजे नऊला बस म्हापसा सोडते. 'द बस लीव्ज फॉर म्हापसा ॲट नाइन' म्हणजे नऊला ती म्हापशाला जायला निघते. शुक्रवारच्या बाजाराला जाणाऱ्या पाहुण्याला यातले चुकीचे वाक्य सांगितलेत, तर तो भलत्याच स्टँडवर उभा राहील. म्हणून वेळ सांगताना मी मुलांकडून दोन्ही गावे बोलून घेते: 'लीव्ज पणजी फॉर म्हापसा'. सुटण्याचे गाव आधी, त्याला काही जोडायचे नाही. जाण्याचे गाव नंतर, 'फॉर' लावून.

काही क्रियापदांच्या पोटातच दिशा असते. रीच, एंटर, अप्रोच. यांच्यापुढे 'टू' नको. 'पणजीला पोचलो' यातला 'ला' जिभेवर इतका बसलेला असतो की 'रीच्ड टू पणजी' आपोआप बाहेर पडते. 'रीच्ड पणजी' पुरे. 'अराइव्ह'ला मात्र आधार लागतो, पण तोही 'टू' नव्हे: शहर किंवा राज्य असेल तर 'इन', स्टेशन, विमानतळ, हॉटेल असेल तर 'ॲट'. अराइव्ह इन गोवा, अराइव्ह ॲट मडगाव स्टेशन. होम, हिअर, देअर, अपस्टेअर्स, अब्रॉड यांच्याआधीही 'टू' येत नाही. 'गो होम' म्हणायचे आणि थांबायचे. आणि 'फोंड्यापर्यंत' सांगताना 'टिल फोंडा' म्हणण्यापेक्षा 'ॲज फार ॲज फोंडा' म्हणा. 'टिल' वेळेसाठी राखून ठेवा.

आता नजर. पाय ठिकाणावर पोचतात, नजर लागते. त्यामुळे डोळ्यांच्या बहुतेक क्रियापदांना 'ॲट' हवा: लुक ॲट, गेझ ॲट, स्टेअर ॲट, ग्लान्स ॲट. 'ॲट'मध्ये नेम आहे. म्हणूनच 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे झेलायला टाकणे आणि 'थ्रो इट ॲट हिम' म्हणजे मारायला फेकणे. 'शाउट टू' लांबच्याला हाक, 'शाउट ॲट' अंगावर ओरडणे. हा फरक पाहुण्यांशी बोलणाऱ्याने मनापासून जपावा. 'आय शाउटेड ॲट द गेस्ट' असे कुणी सहज बोलून गेला, तर हाक मारणारा भला माणूस ऐकणाऱ्याला भांडखोर वाटेल.

'लुक टुवर्ड्स' तेव्हाच, जेव्हा एका वस्तूवर डोळा नाही, त्या बाजूला तोंड आहे. 'लुक टुवर्ड्स द सी' म्हटले की पाहुणा मान वळवतो. मग पुढे काय बघायचे ते सांगा. 'लुक इन्टू' विहिरीत डोकावणे, आणि चौकशी करणेही. 'लुक टू' जपून वापरा, कारण त्याचा नेहमीचा अर्थ कुणाच्या तरी मदतीकडे डोळे लावून असणे. 'लुक टू युअर लेफ्ट' मात्र चालते. मला त्याहून 'ऑन युअर लेफ्ट, यू कॅन सी' आवडते, कारण त्यात हुकूम नाही. लुक म्हणजे बघणे, सी म्हणजे दिसणे. मराठीत हा भेद आपण लहानपणापासून पाळतो, तोच इथे न्या. 'कांपालहून रेइश मागुशचा किल्ला दिसतो' इथे 'यू कॅन सी', 'लुक ॲट' नव्हे.

इमारतींच्या बाबतीत आपली भाषा आणि इंग्रजी अगदी जवळ येतात. आपण म्हणतो घराचे तोंड पूर्वेला. ते म्हणतात 'द हाउस फेसेस ईस्ट', आणि 'टू' नाही. बाल्कनीतून शेते दिसत असतील तर 'द बाल्कनी लुक्स आउट ओव्हर द पॅडी फील्ड्स'. उंचावरची जागा खालच्या प्रदेशावर नजर ठेवून असेल तर 'ओव्हरलुक्स'. आग्वाद किल्ल्यासाठी याहून नेमका शब्द नाही: 'द फोर्ट ओव्हरलुक्स द माउथ ऑफ द मांडवी'. पोर्तुगीजांनी तो १६१२ साली पुरा केला तोच नदीच्या मुखावर पहारा ठेवायला, म्हणजे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे आणि इतिहासानेही. तिथला जुना दीपस्तंभ १८६४चा आहे. त्याच्यासाठी 'लुक्स आउट टू सी'. पण माणूस कर्ता असला की 'ओव्हरलुक'चा अर्थ बदलतो: 'ही ओव्हरलुक्ड द बिल' म्हणजे बिल त्याच्या नजरेतून सुटले.

सरावासाठी फोंड्याहून पणजीला जाणारी, जुने गोवे आणि रायबंदरवरून जाणारी बस धरा. खिडकीची जागा मिळाली तर उत्तम. जे घडते आहे ते मनात इंग्रजीत बोलत राहा. बस सुटली: 'वी आर लीव्हिंग फोंडा फॉर पणजी'. फर्मागुडीचा चढ, 'अप टू फर्मागुडी'. मग उतार, 'डाउन टू म्हार्दोळ'. मंगेशीला देवळात जात नाही, बाजूने पुढे सरकतो, म्हणून 'पास्ट मंगेशी'. बाणस्तारीला पूल येतो, 'ओव्हर द ब्रिज, अक्रॉस द कॅनॉल'. जुन्या गोव्यातून आरपार, 'थ्रू ओल्ड गोवा'. रायबंदरहून पुढे १६३०च्या दशकात बांधलेला पाँत द लिन्यारिशचा लांब बांध लागतो. तिथे पाण्याच्या कडेने जात राहणे आहे, म्हणून 'अलाँग द कॉजवे'. हा तुकडा लांब आहे, तेव्हा नजरेची वाक्ये इथे करा: समोर पणजी, 'वी आर लुकिंग टुवर्ड्स पणजी', पाण्यात बगळा, 'लुक ॲट दॅट एग्रेट'. बांध संपला, वस्ती लागली, शहराच्या आत शिरलो: 'इन्टू पणजी'. हद्द ओलांडून आत जाणे म्हणजे 'इन्टू', ते इथे डोळ्यांनी कळते, वहीत कळत नाही.

परतीच्या बसमध्ये हीच वाक्ये उलटी करा. म्हार्दोळ ते फर्मागुडी आता 'अप' होईल, फर्मागुडी ते फोंडा 'डाउन'. मंगेशीचा 'पास्ट' आणि जुन्या गोव्याचा 'थ्रू' तसेच राहतील. घरी येऊन तोच प्रवास भूतकाळात कुणाला तरी सांगा, आणि वाटेत कुठे बस बंद पडून उतरावे लागले असेल तर तेव्हा 'टू' चालणार नाही: 'वी वर हेडिंग फॉर फोंडा, बट वी ओन्ली गॉट ॲज फार ॲज म्हार्दोळ'.