विल्मा मॅनकिलर यांचं आत्मचरित्र कसं वाचावं

अमेरिकेतल्या चेरोकी या आदिवासी राष्ट्राच्या पहिल्या स्त्री-प्रमुख विल्मा मॅनकिलर यांचं आत्मचरित्र १९९३ साली आलं, मायकेल वॉलिस यांच्यासोबत लिहिलेलं. स्वतःबद्दल सांगता सांगता विल्मा शंभर-दीडशे वर्षं मागे जातात. आपण ती पानं भराभर चाळून ‘मूळ गोष्टी’कडे वळतो. माझं कळकळीचं सांगणं, ती पानं गाळू नका. मूळ गोष्ट तीच आहे.

हाताशी वही ठेवा. पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे सरकारने काय केलं ते, उजवीकडे घरात काय घडलं ते. डावीकडे १८३८-३९ : चेरोकींना आग्नेयेकडच्या त्यांच्या भूमीतून हुसकावून पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात पाठवलं, वाटेत हजारो माणसं गेली. पुढे सामाईक जमिनीचे तुकडे पाडून ते माणशी वाटले, आणि १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. आता उजवीकडे लिहा : आजोबा जॉन यांच्या वाट्याला १६० एकर. त्या तुकड्याचं नाव मॅनकिलर फ्लॅट्स. विल्मा तिथेच वाढल्या. घरात वीज नाही, नळ नाही, पाणी झऱ्यावरून आणायचं. मग १९५६. आदिवासींना शहरांत हलवण्याचं सरकारी धोरण डावीकडे. दहा वर्षांची मुलगी कुटुंबासोबत सॅन फ्रान्सिस्कोला, हे उजवीकडे.

सोबत नकाशा हवाच. ओक्लाहोमातलं टालेक्वा, म्हणजे चेरोकी राष्ट्राची राजधानी, आणि मॅनकिलर फ्लॅट्स जिथे आहे ती अडेअर काउंटी शोधून खुणा करा.

प्रत्येक प्रकरणाआधी एक चेरोकी कथा येते. ती आधी वाचाच, पण प्रकरण संपल्यावर पुन्हा एकदा वाचा. दुसऱ्या वाचनात ती जास्त उलगडते.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्काट्राझ बेटाचा आदिवासी आंदोलकांनी १९६९ मध्ये घेतलेला ताबा सगळ्यांना आवडतो. मला विचाराल तर सगळ्यांत सावकाश वाचायचा भाग ओक्लाहोमातल्या बेल या चेरोकी गावाचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लोकांनी श्रमदानाने चर खणले आणि मैलोन्‌मैल पाइप टाकून पाणी आणलं. काम उभं करायला विल्मा होत्या, त्यांचे सहकारी चार्ली सोप होते. पण काय हवं ते ठरवलं गावाने. इथे थांबून वहीत मागे जा, झऱ्याची नोंद काढा आणि दोन्ही नोंदी बाणाने जोडा. १९८३ ची उपप्रमुखपदाची निवडणूक आणि १९८५ मध्ये हाती आलेलं प्रमुखपद, हे सगळं त्यानंतर वाचायला घ्या.