कुत्र्याने रानडुकराला तोंड लावलं तर काय करावं?

निफाडजवळच्या आमच्या मळ्यात मोती एकदा उसाच्या सरीतून हाड चघळतच बाहेर आला. हाडाला राठ, काळे केस चिकटलेले. रानडुकराचं हाड. मोतीला काही झालं नाही, पण तेव्हापासून शेतात कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला मी ऑजेस्की या विषाणूमुळे होणाऱ्या रोगाबद्दल सांगतो.

हा विषाणू मुळात डुकरांचा. 1902 साली हंगेरीत अलादार ऑजेस्की यांनी हा रोग रेबीजपेक्षा वेगळा असल्याचं दाखवलं. कुत्र्यांत तो क्वचितच दिसतो. युरोप-अमेरिकेत रानडुकराच्या शिकारीला नेलेल्या कुत्र्यांना झाल्याच्या नोंदी आहेत. झाला तर मात्र उपचार नाही. कुत्र्यांसाठी लसही नाही. सगळी मदार खबरदारीवर.

आधी खाण्याचं बघा. डुकराचं कच्चं मांस, काळीज, हाडं कुत्र्याला घालू नका. फ्रीजरमध्ये ठेवल्याने विषाणू मरेलच असं नाही; मांस नीट शिजवूनच द्या. बांधावर मेलेलं रानडुक्कर दिसलं तर कुत्रं बांधून ठेवा आणि वनखात्याला 1926 वर कळवा. ऊसतोड सुरू झाली की रानडुकरं फडातून बाहेर पडतात, त्या दिवसांत कुत्रं मोकळं सोडू नका.

तोंड लावलंच असेल, तर तारीख लिहून ठेवा, जनावरांच्या डॉक्टरांना सांगा आणि पुढचे दहा दिवस लक्ष ठेवा. खाणं सुटतं, लाळ गळते आणि तोंडाला भयंकर खाज सुटते. कुत्रं थोबाड जमिनीवर, भिंतीवर रक्त येईस्तोवर घासत राहतं. त्यानंतर बहुधा दोन दिवसांत जीव जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घशात हाड अडकलंय का, हे बघायला तोंडात हात घालू नका. ऑजेस्की माणसाला सहसा होत नाही, पण लाळ गाळणारं कुत्रं रेबीजचंही असू शकतं, आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. म्हणून रेबीज समजूनच वागा. कुत्र्याला खोलीत कोंडा, पोरांना लांब ठेवा, जनावरांच्या दवाखान्याच्या 1962 या हेल्पलाइनवर फोन करा. जखमेला किंवा डोळ्याला लाळ लागली असेल तर वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, जखमेला साबणही लावा, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची इंजेक्शनं सुरू करा.

कुत्रं गेलं तर घाईने पुरू नका. मेंदूचा नमुना तपासायला पाठवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. निकाल येईपर्यंत घरातल्या कुणाचीही इंजेक्शनं थांबवू नका.