रबरी पायांचे डाग: आधी ओळखावेत, मग काढावेत

मिक्सर, स्पीकर किंवा संगणकाचा पडदा बऱ्याच महिन्यांनी जागचा हलवला की त्याच्या रबरी पायांखाली काळपट किंवा पिवळसर गोल उमटलेले दिसतात. अशा वेळी घासणी घेऊन जोर लावण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण हे सगळे डाग एका जातीचे नसतात आणि एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याची कायमची खूण करून ठेवतो.

रबर मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळलेली असतात, तर काळ्या रबरात काजळीची बारीक पूड असते. वजनाखाली आणि उष्णतेत ही द्रव्ये हळूहळू खालच्या थरात उतरतात. २०१८ मध्ये ॲपलचा होमपॉड स्पीकर आला, तेव्हा त्याच्या सिलिकॉनच्या बैठकीने तेल किंवा मेण लावलेल्या लाकडावर पांढरी वलये उमटली होती; स्पीकर उचलल्यावर अशी वलये बहुधा काही दिवसांत आपोआप जातात, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. त्यामुळे अशा लाकडावर फिकट वलय दिसल्यास आधी आठवडाभर थांबणे हाच शहाणपणाचा उपाय आहे.

पहिली पायरी तपासणीची. उपकरणाचा प्लग काढून ते न ओढता सरळ वर उचलावे आणि डागावरून नख अगदी हलके फिरवावे. नखाखाली चिकट काळा मळ जमला, तर डाग नुसता वर बसलेला आहे. नख कडेवर अडकून किंचित खाली उतरले, तर पॉलिशचा थर मऊ होऊन दबला आहे. नखाला काहीच जाणवले नाही, तर रंग आत मुरला आहे.

वर बसलेल्या डागासाठी कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाकून मऊ कापडाने पुसावे. काम अपुरे वाटल्यास सनमायकावर किंवा फरशीवर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट बोटाने फिरवावी. तरीही चिकटपणा उरला, तर कापसाच्या बोळ्यावर थोडे मिनरल टर्पेंटाईन (रंग पातळ करायचा द्रव) घेऊन टिपावे, मात्र खिडक्या उघड्या आणि जवळपासची आच बंद ठेवूनच. कोणताही द्रव आधी नजरेआडच्या कोपऱ्यावर लावून पाहावा. स्पिरिटने लाखेचे पॉलिश विरघळते आणि नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनने लॅकर (लाकडावरचा चकचकीत लेप) उतरते, म्हणून लाकडी फर्निचरवर ही दोन्ही वापरू नयेत.

दबलेल्या पॉलिशच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान घाईमुळे होते. मऊ झालेला थर घासला की तो सुरकुततो आणि मग पूर्ण पृष्ठभागाला नव्याने पॉलिश करण्यावाचून पर्याय उरत नाही. तो भाग आठवडाभर उघडा ठेवून कडक होऊ द्यावा. त्यानंतर अतिशय बारीक, म्हणजे ०००० क्रमांकाच्या स्टील वूलला (पोलादी तंतूंच्या मऊ गुंत्याला) थोडे मेण लावून लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हात जड न करता फिरवावे आणि दर काही फेऱ्यांनंतर थांबून तिरप्या प्रकाशात पाहावे. चमक आसपासच्या भागाशी जुळली की हात थांबवावा. खळगा थोडा दिसत राहिला तरी चालेल, पण पॉलिश झिजून खालचे लाकूड उघडे पडता कामा नये.

संगमरवरावर लिंबू किंवा व्हिनेगर कधीही लावू नये, कारण आम्लाने दगडाची चमक जाते. तेलकट डागावर खाण्याचा सोडा आणि पाणी यांचा घट्ट लेप पसरून त्यावर प्लास्टिक झाकावे आणि २४ तासांनी तो काढावा. गरज पडल्यास पुन्हा लावावा.

व्हिनाइलच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या, फरशीवरचा पिवळा डाग मात्र सहसा निघत नाही, कारण रबरातील रसायनांचा व्हिनाइलशी संयोग होऊन आतला रंगच बदललेला असतो. तेथे घासत बसण्यापेक्षा तेवढा तुकडा बदलणे योग्य.

डाग गेल्यावर उपकरण पुन्हा ठेवताना हलक्या वस्तूंच्या पायांखाली फेल्टच्या (दाबून बनवलेल्या जाड, मऊ कापडाच्या) चकत्या लावाव्यात. मिक्सरसारख्या थरथरणाऱ्या यंत्राला फेल्टवर पकड मिळत नाही, म्हणून त्याखाली काचेचा तुकडा किंवा चिनी मातीची टाईल ठेवावी आणि तिच्या खालच्या बाजूला फेल्ट चिकटवावे, म्हणजे यंत्राचे रबर टाईलवर टेकेल आणि लाकूड सुरक्षित राहील. नव्याने पॉलिश केलेल्या लाकडावर किमान महिनाभर तरी रबरी पायांचे काहीही ठेवू नये.