वृद्धांवरच्या संशोधनासाठी सीड ग्रँट (सुरुवातीच्या छोट्या अभ्यासाचं अनुदान) मागताय? या चुका टाळा

‘६० वर्षांवरील, ओपीडीत येणारे, प्रश्न समजून उत्तर देऊ शकणारे रुग्ण.’ वार्धक्य आणि अपंगत्वावरच्या प्रपोजलमध्ये हे वाक्य हमखास सापडतं. शीर्षकात मात्र ‘ग्रामीण भागातील दुर्बल ज्येष्ठ’ असतात. कराड, मिरज, सांगली, साताऱ्यातल्या मेडिकल, फिजिओथेरपी आणि नर्सिंग कॉलेजांतली तरुण मंडळी आता या विषयाकडे वळताहेत, हे चांगलंच आहे. पण जी म्हातारी ओपीडीपर्यंत पोचूच शकत नाही, तिच्या नावावर पैसे मागायचे आणि तिलाच निकषात वगळायचं, हे जमणार नाही. बहुतेक अर्ज इथेच कच्चे पडतात.

वगळण्याचे निकष एकदा मोठ्याने वाचून बघा. ऐकू येत नाही, वगळा. स्मरणशक्ती कमी, वगळा. आधाराशिवाय चालता येत नाही, वगळा. उरले कोण? सकाळी फिरायला जाणारे पेन्शनर. शिबिरातली माहिती वापरण्याचा मोहही असाच. मोफत चष्म्यासाठी जे येऊ शकतात तेच शिबिरात येतात, त्यांना गावाचा नमुना म्हणता येत नाही.

घरी जायचं ठरवलं की पुढची अडचण. ‘काळजी घेणाऱ्या नातेवाइकाची मुलाखत’ असं लिहिता, पण खानापूर-आटपाडीकडची मुलं गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात देशभर पांगलेली आणि पाटण-जावळीची मुंबईत. घरी म्हातारा-म्हातारी, किंवा एकटी म्हातारीच. माहिती देणारी शेजारीण असेल, पुतण्या असेल. फॉर्ममध्ये त्याला जागा ठेवा. जतच्या पूर्व भागात कन्नड बोलणारी घरं आहेत, तिथे मराठी प्रश्नावली घेऊन उभं राहू नका. कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय हे आशाताईंना तोंडपाठ असतं, पण त्यांचं मानधन बजेटमध्ये लिहा. ‘आशांच्या सहकार्याने’ म्हणजे फुकट, असा अर्थ आपल्याकडे फार रूढ झालाय.

सगळ्यात जास्त घोळ मोजमापात होतो. रोजची कामं स्वतःची स्वतः करता येतात का हे मोजणारी कॅट्झची १९६३ची आणि लॉटन-ब्रॉडींची १९६९ची मापनश्रेणी जशीच्या तशी मराठीत उतरवली जाते. लॉटनच्या यादीत स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं आहे. आयुष्यात कधी चुलीजवळ न गेलेले आजोबा या यादीत ‘परावलंबी’ ठरतात आणि कंबर धरून भाकऱ्या थापणारी आजी ‘स्वावलंबी’. त्या श्रेणीत पूर्वी पुरुषांसाठी हे तीन प्रश्न गुणांत धरतच नसत, हेही अनेकांना ठाऊक नसतं. ‘करता येत नाही’ आणि ‘कधी केलंच नाही’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. मोरीत बसून अंघोळ, उकिडवं बसून शौच, एसटीची पायरी हे प्रश्न स्वतः घालावे लागतील. मात्र घातलेत तर ती श्रेणी बदललेली आहे हे मान्य करून आधी थोड्या लोकांवर तपासून बघा.

फ्रीड यांचे २००१ मधले दुर्बलतेचे पाच निकष (वजन घटणं, थकवा, मुठीची ताकद, चालण्याचा वेग, हालचाल कमी होणं) लोकप्रिय आहेत. त्यांच्या सीमारेषा अमेरिकेतल्या वृद्धांवरून आखलेल्या आहेत. सातारच्या शेतकरी बाईच्या मुठीला तो आकडा डोळे झाकून लावू नका. आणि चालण्याचा वेग मोजायला चार-साडेचार मीटर सपाट जागा लागते. डोंगरातल्या वाडीवर ती शोधायला गेलात की कळेल.

वयाचं तर विचारूच नका. आधारवर १ जानेवारी हीच जन्मतारीख असलेले किती सापडतील! ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात पहिलं मूल केवढं होतं?’ असं विचारलं की वय बरंच जवळ येतं. भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. अशा घटनांची यादी मुलाखतकाराच्या हातात द्या.

सीड ग्रँट कशासाठी असते हेही अनेकांना उमगलेलं नसतं. अमेरिकेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग या सरकारी संस्थेची ‘पेपर सेंटर्स’ (क्लॉड पेपर यांच्या नावाची वार्धक्य संशोधन केंद्रं) पायलट, म्हणजे छोट्या चाचणी-अभ्यासांना पैसे देतात, ते पुढच्या मोठ्या अनुदानाची पायाभरणी म्हणून. आपल्याकडे मात्र ३० जणांवर व्यायाम करवून ‘परिणाम सिद्ध झाला’ म्हणायची घाई. एवढ्या नमुन्यावर परिणामाचा आकडा भरवशाचा नसतो. मोजायचं ते वेगळं: किती घरं गाठली, किती जणांनी होकार दिला, तीन महिन्यांनी किती जण पुन्हा भेटले, कोणता प्रश्न कोरा राहिला. कुठल्या आकड्याखाली आराखडा बदलायचा, हे आधीच लिहून ठेवा. आणि नुसतं प्रमाण शोधायला पैसे मागू नका. २०१७-१८च्या ‘लासी’ या वार्धक्यावरच्या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती आहे, ती मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेकडे मागता येते. त्यात जे नाही ते विचारा.

संमतीत एक चूक वारंवार दिसते: आई धडधाकट बोलतेय आणि सही मुलाची. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निरक्षर व्यक्तीचा अंगठा आणि त्रयस्थ साक्षीदाराची सही घ्यायची असते. निर्णयक्षमता खरोखर नसेल तेव्हाच कायदेशीर प्रतिनिधी. घरी गेल्यावर उपासमार किंवा मारहाण दिसली तर काय करणार, हेही एथिक्स कमिटी (संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी समिती) विचारेल. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७च्या कायद्याखालचं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असतं. कुणाला, कधी आणि त्या वृद्धाला विचारून कसं कळवायचं हे ठरवून जा.

बजेटमध्ये लॅपटॉप सगळ्यांनाच लागतो, जीपचं भाडं कुणी लिहीत नाही. वेळापत्रकात जुलै-ऑगस्ट पाटण-महाबळेश्वरला क्षेत्रकाम दाखवू नका, आणि कृष्णाकाठी २०१९ आणि २०२१चा पूर आठवा. एथिक्सच्या मंजुरीला पहिले काही महिने जातात, ते वर्षातूनच वजा होतात. कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) पैसे मागणाऱ्या ट्रस्टने त्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आधी करून घ्यावी, आणि ‘लाभार्थी किती?’ या प्रश्नाला संशोधनाचं शिबिर करून उत्तर देऊ नये. पहिला हप्ता जानेवारीत हातात पडला तर ३१ मार्चपर्यंत घाईने यंत्रं घेऊन युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे खर्च झाल्याचा दाखला) भरण्यापेक्षा मुदतवाढीचं पत्र फेब्रुवारीतच द्या.