कुत्र्याचं वागणं अचानक बदललं तर आधी शरीर तपासा

कालपर्यंत अंगाखांद्यावर लोळणारा कुत्रा आज हात लावताच गुरगुरतो, तेव्हा 'लाडावलाय' म्हणून त्याला दटावू नका. दोन-चार दिवसांत स्वभाव पालटला तर त्यामागे बहुधा दुखणं असतं.

मात्र त्याआधी रेबीजची शंका मिटवा. लसीची तारीख पाहा, गेल्या काही महिन्यांत चावा किंवा झटापट झाली होती का ते आठवा. लाळ गळणं, जबडा लोंबणं, भुंकण्याचा आवाज बदलणं, मागचे पाय लटपटणं, यातलं काही दिसलं तर कुत्र्याला खोलीत बंद करून डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी 'घशात माशाचा काटा अडकला' असं समजून तोंडात हात घालणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. 2021 मध्ये आपलं गोवा राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं खरं, पण सिंधुदुर्ग आणि कारवारकडून येणाऱ्या कुत्र्यांना सीमा नसते. चावा किंवा ओरखडा झाला असेल, लाळ जखमेला लागली असेल, तर साबणाच्या वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवून त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

ही शंका नसेल तर थर्मामीटर काढा. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात दोनेक सेंटीमीटर सरकवा. 101 ते 102.5 फॅरनहाइट ठीक, 103.5 च्या वर गेलं तर त्याच दिवशी दवाखाना. मग हिरडी बोटाने दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. गाढ झोपेतला श्वास मिनिटाला 30 च्या वर सतत दिसला, तर तोही सांगा. शेवटी डोक्यापासून शेपटीपर्यंत हळू हात फिरवा: कान, ओठ उचलून दात, मान, पाठ, पोट, मागचे सांधे. जिथे दचकला तिथेच थांबा, पुन्हा दाबू नका.

आपल्याकडे गोचीडताप फार. कुत्रा कोपऱ्यात पडून राहतो, खाणं सोडतो, कधी नाकातून रक्त येतं. आज अंगावर गोचीड नाही म्हणून सुटलो असं नाही; लक्षणं चावल्यानंतर 1 ते 3 आठवड्यांनी येऊ शकतात. रक्ततपासणी करून घ्या. गोळ्या बहुधा 28 दिवसांच्या असतात, पण पाचव्या दिवशी कुत्रा टुणटुणीत झाला की लोक बंद करतात आणि ताप उलटतो.

पावसात लोंबत्या कानांत बुरशी वाढते. डोकं एका बाजूला झुकवणं, कुबट वास, तपकिरी मळ ही खूण. डॉक्टरांनी कानाचा पडदा तपासल्याशिवाय थेंब घालू नका. पहिल्या सरींनंतर अंगणात भेक (अंगातून विष सोडणारा बेडूक) तोंडात धरला आणि फेस आला, तर डोकं खाली झुकवून पाण्याची धार तोंडाच्या बाजूने सोडा, घशात नको, आणि लगेच निघा.

गणेश चवथीचे फटाके आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीचा गोंगाट यानंतर भित्रेपणा काही दिवस टिकतो. अंधार पडण्याआधी फिरवून आणा, आतल्या खोलीत ठेवा. भीतीवरचं औषध हवं असेल तर डॉक्टरांना आठवडाभर आधी भेटा, म्हणजे डोस आधी पारखता येतो.

म्हातारा कुत्रा रात्री भिंतीकडे पाहत उभा राहतो, त्यालाही 'वय झालं' म्हणून सोडू नका. त्या क्षणाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्याच्या टेबलावर तो तसं वागणार नाही. जाईपर्यंत घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, दोन्ही त्याला विषारी ठरू शकतात.